ट्रेलर धुताना पाणी कुठे मारू नये

ट्रकवरून नुकत्याच ट्रेलरवर आलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. रिव्हर्स कसा घ्यायचा, किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची जोडणीची पिन) कसा बसवायचा हे वस्तादाने शिकवलंच असेल. गाडी धुणं मात्र कोणी शिकवत नाही, ते क्लीनरचं काम म्हणून सोडून देतात. मीही तेच केलं आणि सुरत-धुळे रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटात जीव मुठीत धरून उभा राहिलो. अजूनही रात्री तो घाट उतरताना माझं निम्मं लक्ष आरशात असतं.

हजिऱ्याहून स्टीलच्या कॉइल आणायच्या, जळगाव एमआयडीसीतून पीव्हीसी पाइप भरून सुरतेला जायचं, अशी माझी फेरी होती. पावसाळ्यात आपली काळी माती चेसिसला सिमेंटसारखी चिकटते. म्हणून दर फेरीला वॉशिंग सेंटरवर प्रेशर पाइपने गाडी धुऊन घ्यायचो. केबिनच्या मागे, जिथे घोड्याची, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या गाडीची, वायर ट्रेलरला जोडतात, तिथे सगळ्यात जास्त चिखल बसतो. वायर काढून मी स्वतः पोराला सांगायचो, ‘इथे जोरात मार.’ दोन-तीन महिने हे चाललं.

त्या रात्री घाटाच्या वळणावर मागे केळी भरलेला आयशर ट्रक करकचून ब्रेक मारत थांबला. ड्रायव्हर धावत आला. ‘काय करी र्‍हायना भाऊ? मांगे लाइटच नही!’ उतरून पाहिलं, तर टेल लाइट बंद आणि ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मिणमिणत होते. माझे हात थरथरत होते.

सात पिनांच्या त्या सॉकेटमध्ये पाणी साचून पिनांवर हिरवट थर चढला होता. ट्रेलरच्या सगळ्या दिव्यांचा करंट एकाच अर्थिंगच्या पिनेतून परत येतो. ती पिन खराब झाली की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थिंग तपासा. मी चार बल्ब बदलले, शंभर किलोमीटरवर पुन्हा तेच.

तेव्हा धुताना वायर जोडलेलीच ठेवा. काढावीच लागली तर सॉकेटचं झाकण लावा, वर प्लास्टिक गुंडाळून दोरीने बांधा. तिथे पाइप धरूच नका, ओल्या फडक्याने पुसा. हेच चाकाच्या हबच्या सीलला आणि ब्रेकच्या हवेच्या पाइपांच्या जोडांना लागू आहे. बाकी ठिकाणी नोझल हातभर लांब ठेवा. धुऊन झालं की क्लीनरला मागे उभं करून टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर एकेक लावून पाहा. भर दुपार असली तरी पाहा. मी दिवस आहे म्हणून सोडून द्यायचो. निघाल्यावर पहिल्या मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून ब्रेकचं लायनिंग वाळवा.

एवढं वाचून घाबरू नका. दोन फेऱ्यांत हाताला सवय होते आणि सगळं मिळून दहा मिनिटं लागतात.

डिझेलचा फवारा मारून चेसिस चमकवून देणारे जागोजागी भेटतील. माझे पहिले वस्तादही तेच करायचे, आणि त्यांच्याबद्दल मला आदर असला तरी यात ते चुकत होते. डिझेलने रबराचे बुश फुगतात आणि शंभर किलोमीटरमध्ये दुप्पट धूळ चिकटते. पांझरा किंवा गिरणा नदीत गाडी घालून धुणं तर कधीच नको. ज्या पाण्यावर गुरं येतात त्यात आपलं ग्रीस आणि ऑइल सोडायचं नाही.

फिफ्थ व्हीलवरचं, म्हणजे घोड्यावर ट्रेलर ज्या प्लेटवर बसतो तिच्यावरचं, जुनं ग्रीस धुळीशी मिसळून कानसासारखं घासतं. ते पत्र्याने खरवडून काढा, फडक्याने पुसा आणि मग नवं लावा. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि त्यांच्या पिनांचं ग्रीसिंग नेहमी धुतल्यानंतर करा, म्हणजे आत गेलेलं पाणी नव्या ग्रीसबरोबर बाहेर येतं. गुजरातचं मीठ किंवा युरिया भरला असेल तर खाली झाल्याबरोबर खालून साध्या पाण्याने धुवा. तिथे उद्यावर ढकलू नका, पत्रा आणि वेल्डिंग खाऊन टाकतं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी मारलं की त्याला तडा जाऊ शकतो. काचेचंही तसंच. पहाटे धुवा.

रोजचं काम एका बादलीचं आहे. काच, आरसे, दिवे, नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर टेप, मागची लाल आणि बाजूची पिवळी. रात्री मागच्याला तुमचा ट्रेलर दिसतो तो त्या टेपमुळे, आणि धुळीखाली ती नसल्यात जमा असते. केबिनमध्ये रिकामी पाण्याची बाटली खाली ठेवू नका, ती ब्रेक पेडलखाली जाते.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात थांबलात तर रेडिएटरच्या जाळीवर तंतू गादीसारखे बसतात आणि इंजिन तापायला लागतं. तिथेही प्रेशर पाइप नको, जाळीच्या बारीक पट्ट्या वाकतात. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला हलकी हवा मारा, तंतू ज्या वाटेने आले त्याच वाटेने निघून जातील.