हळद चोख, कागद कच्चा: निर्यातीत या चुका टाळा

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मालात खोट नाही. तरी परदेशी ऑर्डरचं गाडं अडतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आपलं इंग्रजी कच्चं हाय ना!" पण समोरच्या जर्मन व्यापाऱ्याचं तरी कुठं पक्कं असतं? व्याकरणाने कुणी बुडत नाही. बुडवतात ते आकडे.

जर्मनीत टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलटे. मी एकदा हळदीचा दर १.२५० युरो किलो असा टाकला. तिकडून फोन आला, "बाराशे पन्नास? केशर पाठवताय का?" तेव्हापासून दर अक्षरातही लिहितो. लाख-कोटी मेलमध्ये नकोच. १,००,००० किलोऐवजी १०० मेट्रिक टन म्हणा. तारखेत महिन्याचं नाव लिहा, कारण अमेरिकेत ०५/०६ म्हणजे ६ मे.

जपानी माणूस बोलताना "हाय, हाय" म्हणतो. ते आपलं "हाय" नव्हे. बहुतेकदा त्याचा अर्थ "ऐकतोय" एवढाच. "विचार करून सांगतो" म्हणाला तर आपल्याकडचं "बघू की" आठवा, आणि त्या भरवशावर माल भरू नका.

आखातात पाकीट विकायचं तर अरबी लेबल लागतं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. भाषांतर बरोबर असतं, पण आपल्या डिझाइनवाल्याच्या सॉफ्टवेअरला अरबी झेपत नाही. हळदीला अरबीत कुरकुम म्हणतात: चार अक्षरं, उजवीकडून डावीकडे, दोन-दोनच्या जोडीने चिकटलेली. चारही सुटी दिसली, किंवा ओळ डावीकडून सुरू झाली, तर छपाई थांबवा. अरबी न येणाऱ्यालाही हे डोळ्यांनी कळतं. पहिल्या प्रुफचा फोटो खरेदीदाराला पाठवा; हजारो पाकिटं रद्दीत घालण्यापेक्षा एक दिवस गेलेला बरा.

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, कागद बरोबर असले तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. एलसीवर माल असेल तर बँक हळद बघत नाही, कागद बघते. एलसीत "टर्मरिक फिंगर" असेल आणि मुनीमजींनी इनव्हॉइसवर "ड्राय हल्दी" लिहिलं, तर त्यांच्या दृष्टीने वस्तू एकच. बँक मात्र तफावत काढून पैसे अडवू शकते. मालाचं वर्णन एलसीतून जसंच्या तसं उतरवा, आणि एलसीतच स्पेलिंग चुकलं असेल तर ट्रक निघण्याआधी खरेदीदाराकडून दुरुस्ती मागवा. बोट सुटल्यावर हेच काम दहापट जड जातं.