मुलांच्या छोट्या खोलीसाठी कपाट घेताय? मग आधी कपाटाची खोली बघा

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधली लेकीची बेडरूम ८ बाय ९ ची आहे. पहिलीला गेली तेव्हा तिला स्वतःचं कपाट करून द्यायचं ठरलं आणि मी दोन महिने दुकानं, सुतार, ओळखीच्यांची घरं असं सगळं पालथं घातलं, त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय कारण आपल्याकडे बहुतेकांच्या घरात मुलांची खोली एवढीच असते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आपण कपाट बघताना रुंदी आणि उंची विचारतो, किती दारांचं आहे ते विचारतो, पण ते भिंतीपासून पुढे किती येतं हे कोणी विचारतच नाही, आणि छोट्या खोलीत सगळा खेळ त्याचाच असतो. दुकानातली बरीच कपाटं २४ इंच खोल असतात, सुतारही न विचारता २ फूटच धरतो. आता गणित बघा. आमची खोली ८ फूट रुंद, म्हणजे ९६ इंच, एका बाजूला ३६ इंचांचा सिंगल बेड, समोर २४ इंचांचं कपाट, मध्ये उरले ३६ इंच. त्या कपाटाचा पल्ला २४ इंचांचा असेल तर पूर्ण उघडल्यावर पोरीला उभं राहायला उरतात १२ इंच! ती बेडवर चढूनच कपडे काढणार. त्याऐवजी कपाट २० इंच खोल केलं आणि ४ फुटांत दोन पल्ल्यांऐवजी १६-१६ इंचांचे तीन पल्ले केले की उघड्या पल्ल्यासमोर २४ इंच मोकळे राहतात. कपाटाची रुंदी तीच, कपडेही तेवढेच मावतात, पण चालायला-वावरायला जागा दुप्पट.

२० इंचांत हँगर मावेल का, हा प्रश्न मलाही पडला होता. मग सासूबाईंच्या लोखंडी कपाटाला टेप लावून बघितला, ते १९ इंच खोल निघालं, आणि त्यात गेली तीसेक वर्षं सासऱ्यांचे शर्ट व्यवस्थित लटकतायत. मोठ्यांचा हँगर साधारण १७ इंचांचा, लहान मुलांचा तर १२ च्या आसपास, त्यामुळे मूल कॉलेजला जाईपर्यंत २० इंच पुरतात. खोली अगदीच अरुंद असेल तर १६ इंच खोल कपाट करा आणि त्यात आडव्या दांडीऐवजी पुढे ओढायची दांडी लावून घ्या, म्हणजे कपडे आपल्याकडे तोंड करून लटकतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

स्लायडिंग दरवाजे घ्यावेत का? जाहिरातीत जागा वाचते म्हणतात आणि समोर दीड फूटही मोकळा नसेल तर खरंच वाचते. पण दोन पल्ले एकापुढे एक सरकायला ३-४ इंच ट्रॅकमध्येच जातात, म्हणजे बाहेरून २० इंच असलं तरी आत १६-१७ च, शिवाय एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, आणि खालच्या ट्रॅकमध्ये पेन्सिलीचे तुकडे, मणी, बिस्किटाचा चुरा सगळं अडकतं. बोटं चेमटायची भीती वेगळी. माझं मत, पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी बिजागरीचे अरुंद पल्लेच बरे. आणि अगदीच अडचण असेल तर दारच नको, जाड सुती पडदा लावा, खर्चही वाचतो.

माप पक्कं करायच्या आधी अजून एक काम करा, जुने पेपर चिकटवून कपाटाच्या मापाचा तुकडा जमिनीवर टाका, पल्ले उघडतील तिथेही पेपर ठेवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. खोलीचं दार त्याला आपटतंय का, स्विचबोर्ड मागे जातोय का, खिडकीपर्यंत हात पोचतोय का, हे लगेच दिसतं. आम्हाला पंख्याचा स्विच झाकला जातोय हे असंच कळलं. रेडीमेड घेणार असाल तर लिफ्ट आणि जिन्याचं वळणही मोजा, किंवा घरी येऊन जोडतात तसलं घ्या.

आता आतली मांडणी. पोरांचे कपडे बहुतेक घडीचे असतात, लटकवायचे म्हणजे युनिफॉर्म, दोन-चार फ्रॉक किंवा कुर्ते आणि लग्नाकार्याचं एखादं परकर-पोलकं. त्यामुळे तीनपैकी एका पल्ल्याएवढीच दांडी ठेवली, १६ इंचात पंधराएक हँगर सहज बसतात. बाकी सगळे कप्पे, आणि दोन कप्प्यांमधलं अंतर १० इंच, फारतर १२. जास्त उंच कप्पा ठेवला की वर वर गठ्ठा रचला जातो आणि खालचा टीशर्ट ओढला की सगळं जमिनीवर. दांडी किती उंचीवर लावायची हे सुताराला विचारू नका, मुलाला उभं करा, हात वर करायला सांगा, टाच न उचलता मूठ जिथे आरामात पोचते तिथे खूण करा. आमच्याकडे ती ४२ इंचांवर आली. वर अजून दोन ठिकाणी ब्रॅकेटची भोकं पाडून ठेवलीयत, पोरगी वाढेल तशी दांडी वर जाईल. लेक आता सकाळी स्वतःचा युनिफॉर्म स्वतः काढते, संध्याकाळी स्वतः अडकवते, मला यासारखं समाधान नाही!

हाताच्या वरची जागा आपली. साडेसहा फुटांच्या वर स्लॅबपर्यंत लॉफ्टसारखे कप्पे करून घ्या, तिथे स्वेटर, जादा पांघरुणं, पुढच्या वर्षी होतील असे मोठ्या मापाचे कपडे. कपाटाच्या डोक्यावर मोकळी जागा सोडली तर तिथे फक्त धूळ आणि खोकी साठतात.

ड्रॉवर मात्र एक किंवा दोनच, आणि तेही सगळ्यात खाली, मोजे-चड्ड्यांसाठी. मुलं उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन वर चढतात, सगळीच चढतात, आणि कपाट पुढे कलंडतं. अमेरिकेत अशा अपघातांत लहान मुलं दगावल्यामुळे २०२२ मध्ये कायदाच करावा लागला, ड्रॉवरची कपाटं सहज कलंडणार नाहीत अशीच बनवायची म्हणून. आपल्याकडे सुतार म्हणतो, जड आहे, काही होत नाही, पण ऐकू नका, कपाट वरच्या बाजूला दोन एल क्लॅम्पने (एल आकाराच्या लोखंडी पट्ट्यांनी) भिंतीला पक्कं करून घ्याच. नव्या बिल्डिंगमध्ये भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात, त्यात स्क्रूसाठी साधा प्लास्टिकचा गट्टू लावला तर ओढ बसल्यावर निघून येतो, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात ते मागा. कपाटाची उंची २ फूट असो की ७, हे सोडायचं नाही.

भिंत कुठली, हेही महत्त्वाचं. बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला लावलं तर जुलैमध्ये मागच्या प्लायला बुरशी येते आणि कपड्यांना तो कुबट वास, एकदा लागला की धुऊनही सहज जात नाही. आतली भिंत मिळत असेल तर तीच घ्या, नसेल तर मागे दोन इंच हवा खेळू द्या. खाली ४ इंचांचे पाय हवेत, कारण रोज लादी पुसताना पाणी लागून पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) खालून फुगतो, आमच्या शेजारी दोन पावसाळ्यांत तळ सुटला. सुताराकडून करून घेत असाल तर १८ किंवा १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला तग धरणारा प्लाय सांगा, त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ३०३ हा नंबर स्वतः बघा, कडांना सगळीकडे एज बँड पट्टी लावून घ्या, आतल्या कडासुद्धा, तिथूनच ओल शिरते. पत्र्याचं पावडर कोटिंगवालं कपाट घेतलंत तर वाळवीची चिंता मिटते आणि पाण्याचीही कमी होते, फक्त कोपरे गोल आहेत ना ते हाताने फिरवून बघा.

डांबराच्या गोळ्या मुलांच्या कपाटात अजिबात ठेवू नका, खाऊची गोळी समजून तोंडात घालतात आणि ते विष आहे. त्याऐवजी कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळवलेला पाला पातळ कापडात बांधून ठेवायची जुनी पद्धत आहेच.

आणि नवीन कपाट आलं की लगेच कपडे भरायची घाई नको. प्लाय, बोर्ड, गोंद, पॉलिश यांतून फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघत राहतात, डोळे चुरचुरतात, पोरांना खोकला येतो. बोर्डाचं घेत असाल तर ई१ किंवा ई० लिहिलेला, म्हणजे हा वायू कमी सोडणारा बोर्ड मागा आणि पल्ले-ड्रॉवर उघडे टाकून, खिडकी उघडी ठेवून पंधरा दिवस तरी वारा लागू द्या. आम्ही तेवढे दिवस लेकीला आमच्याच खोलीत झोपवलं, वास पूर्ण गेल्यावर मग तिनेच पहिला फ्रॉक लटकवला.