जुन्या चेनवाल्या डोझरचा हायड्रॉलिक पंप काढताना
आधी ब्लेड जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि मग ब्लेडचा लिव्हर चारपाच वेळा मागेपुढे हलवा, नाहीतर लाईनमधलं प्रेशर तसंच राहतं आणि नट ढिला केला की ऑइल थेट तोंडावर. हायड्रॉलिक टाकीचं झाकण हळू उघडून ऑइल काढून घ्या. होजवर, म्हणजे ऑइलच्या नळ्यांवर, पेंटने खुणा करा (मी एकदा नाही केल्या, अर्धा दिवस गेला). पंप गंजून चिकटला असेल तर फटीत छिन्नी घालू नका राव, बसायची जागा खरवडते मग तिथूनच गळतं. फ्लँजला (पंप बोल्टने बसतो ती त्याची कड) आट्यांची रिकामी भोकं असली तर त्यात बोल्ट घालून दोन्हीकडून सारखे पिळत जा, पंप सरळ बाहेर येतो. वजन आधीच चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) घ्या. उघड्या होजमध्ये चिंध्या कोंबू नका, धागे आत जातात, प्लास्टिकची बुचं लावा.