दातेरी अळंबीला नाव लावायचं कसं, आणि लावलेलं नाव वाचायचं कसं

टोपीच्या खालच्या अंगाला पडदे नाहीत, छिद्रं नाहीत, नुसते बारीक काटे लोंबताहेत, तर ती दातेरी अळंबी. फोटो काढा, मोबाइलला दाखवा, नाव मिळेल, हा सल्ला मी आता ऐकूनही घेत नाही. काटे म्हणजे नात्याचा पुरावा नव्हे. हायडनम कँथरेलेलीस या गणात (गण म्हणजे वर्गीकरणातला मोठा गट, ऑर्डर), हेरिसियम रसुलेलीस गणात आणि हायडनेलम थेलेफोरेलीस गणात बसतं. तिघांना काटे आपापले, वेगवेगळ्या वाटांनी आलेत.

अळंबी बुंध्यासकट उचला आणि शेजारचं झाड कोणतं ते तिथेच लिहा. सार्कोडॉन इम्ब्रिकेटस स्प्रूसच्या सोबतीनं वाढते, सार्कोडॉन स्क्वॅमोसस पाइनच्या. दोघींत झाडाची ही नोंद फार मोलाची ठरते.

त्याच दिवशी उभी चिरून बघा, वास घ्या, टोपीतून गळणाऱ्या बीजाणूंचा कागदावर ठसा घ्या. ठसा पांढरा आला तर हायडनेलम आणि सार्कोडॉन बाद, कारण त्यांचा तपकिरी असतो. फेलोडॉन वाळली की मेथीसारखा वास येतो. बुंध्याचं टोक आतून निळसर-हिरवं दिसलं तर ते ठळक लिहा. मग साधारण ४० अंशांवर वाळवा, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजा, ओळखतक्ता लावा. इथवर कुणीही पोचतं.

गाडी अडते ती नावाशी. माझीही अडली होती. हायडनेलम स्कॅब्रोसम आणि सार्कोडॉन स्कॅब्रोसस अशा दोन चिठ्ठ्या मी दोन वेगळ्या डब्यांत ठेवल्या होत्या आणि पूर्ण हंगामभर त्यांच्यातला फरक शोधत बसलो. फरक नव्हताच. जाती एकच होती.

म्हणून नावामागे येणारी माणसांची नावं सोडू नका. बरेच मार्गदर्शक ती सरळ गाळतात. माझ्या मते या कामातली ही सर्वात वाईट सवय आहे.

हेरिसियम एरिनेशियस (बुल.) पर्स. हे नाव घ्या. कंसातला माणूस म्हणजे ब्युलियार. त्यानं ही जाती (स्पीशीज) पहिल्यांदा हायडनम या प्रजातीत (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) घालून वर्णन केली. कंसाबाहेरचा पर्सून, त्यानं १७९७ मध्ये ती हेरिसियममध्ये नेली. जातीला जन्म देणारा कंसात जातो, घर बदलून देणारा बाहेर राहतो. कंसच नसेल, तर ज्या प्रजातीत वर्णन झालं तिथेच ती अजून आहे. हायडनम रिपॅन्डम एल. तशीच आहे. एल. म्हणजे लिनीअस, साल १७५३. पुढे कधी विसर्गासारखं चिन्ह (:) आणि एफआर. दिसलं, तर फ्रीस या स्वीडिश बुरशीतज्ज्ञानं आपल्या ग्रंथात ते नाव मान्य केलं होतं, एवढाच अर्थ घ्यायचा. नवा वर्णनकर्ता शोधत बसू नका.

आता माझी चूक. स्कॅब्रोसस हे नाव फ्रीसचं. कार्स्टेननं ती जाती सार्कोडॉनमध्ये नेली, म्हणून जुन्या पुस्तकांत (एफआर.) पी. कार्स्ट. असं दिसतं. २०१९ मध्ये डीएनएच्या आधारानं सार्कोडॉनमधल्या बऱ्याच जाती हायडनेलममध्ये हलवल्या गेल्या. कंसात फ्रीस तसाच राहिला, मधला कार्स्टेन मात्र गळाला आणि बाहेर नव्या संशोधकांची नावं आली. मी कार्स्टेन दिसेना म्हणून जातीच वेगळी समजलो. भरीस भर म्हणून शेपूटही बदललं होतं. सार्कोडॉन पुल्लिंगी, म्हणून स्कॅब्रोसस. हायडनेलम नपुंसकलिंगी, म्हणून स्कॅब्रोसम. तेव्हा शोधताना शेपूट सोडून मूळ शब्द धरा आणि आधी कंसातला माणूस जुळतो का ते पाहा.

एवढ्यावर थांबू नका, मूळ नमुना, म्हणजे ज्या अळंबीवरून ते नाव दिलं ती, कुठला तेही विचारा. रिपॅन्डम हे नाव युरोपातल्या अळंबीचं. ते दूरदूरच्या हायडनमना सर्रास चिकटवलं गेलं. २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या हायडनमच्या अनेक नव्या जाती वर्णन झाल्या. तुमचा नमुना युरोपातला नसेल आणि तक्ता तुम्हाला रिपॅन्डमवर आणून सोडत असेल, तर नावाआधी ‘सी.एफ.’ लिहा, म्हणजे ‘याच्याशी ताडून पाहा’. त्यात कमीपणा काहीच नाही. चुकीचं ठाम नाव पुढच्या अभ्यासकाचे महिने खातं, हे मी भोगलंय.

नवी जाती सापडल्यासारखी वाटली, तर घाईनं नाव ठेवू नका. मूळ नमुना एखाद्या संग्रहालयात कायमचा जमा लागतो, वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत लागतं, आणि १ जानेवारी २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाला मायकोबँकसारख्या मान्य नोंदवहीतला क्रमांकही लागतो. यातलं एक जरी राहिलं तरी नाव ग्राह्य धरत नाहीत.

शेवटी चिठ्ठी. पूर्ण नाव, माणसांसकट. झाड, जागा, तारीख, ओळख कुणी पटवली. उद्या नाव बदललं तर जुनी चिठ्ठी फाडू नका, नवी तिच्या शेजारी तारखेसह लावा.