जॉन राजाने सरदारांना कसं ताब्यात ठेवलं: लिहिताना या चुका टाळा

बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडवरचे निबंध तपासायला घेतले की तेच तेच वाचावं लागतं. राजाने फौज पाठवली, किल्ला पाडला, सरदार शरण आला. हे घडायचं, पण अधूनमधून. दुसरा हेन्री आणि त्याचा मुलगा जॉन यांनी बड्या सरदारांना वर्षानुवर्षं बांधून ठेवलं ते मुख्यतः कर्जाने, आणि नेमकं तेच निबंधात नसतं.

कबूल केलेली रक्कम म्हणजे भरलेली रक्कम समजणं. माझ्या मते ही सगळ्यात घातक चूक. जहागिरीचा वारसा हवा, श्रीमंत विधवेशी लग्न करायचंय, अल्पवयीन वारसाचं पालकत्व हवंय, राजाची गेलेली मर्जी परत मिळवायचीय, या सगळ्यासाठी राजाला पैसे मोजावे लागत. जॉनने हे आकडे मनमानी चढवले. 1205 मध्ये निकोलस डी स्टटव्हिल या सरदाराकडून त्याने वारशापोटी 10,000 मार्क (तेव्हाचं हिशेबाचं एकक) कबूल करून घेतले आणि तारण म्हणून वारशातली नेअर्सबरो आणि बरोब्रिज ही ठिकाणं स्वतःकडे ठेवली.

एका निबंध स्पर्धेत एका हुशार मुलाने अशा रकमांची बेरीज करून जॉनचं ‘उत्पन्न’ काढलं होतं, सोबत देखणा आलेख. आकडे कुठल्यातरी तयार तक्त्यातून उचललेले. खजिन्याच्या वार्षिक हिशेबात, म्हणजे पाईप रोलमध्ये, न फिटलेलं कर्ज दरवर्षी पुढे ओढलं जातं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एकच बाकी त्याने दरवर्षी नव्याने मिळवली होती. शिवाय मार्कला पौंड धरलं होतं. मार्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, पौंडाचे दोन-तृतीयांश, तेही फक्त हिशेबापुरतं. मार्कचं नाणं नव्हतंच. त्याच्याशेजारी बसून एकेक नोंद सोडवली, तेव्हा आलेखातलं काहीच उरलं नाही. पोराची मेहनत वाया गेली याचं मला फार वाईट वाटलं. तयार तक्ते हा शॉर्टकट नाही, खड्डा आहे.

मी प्रत्येक सरदारामागे चार रकाने आखते: कबूल, भरले, माफ, बाकी. राजाची पकड चौथ्या रकान्यात दिसते. विल्यम डी ब्रियोझचंच बघा. 1201 मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकच्या जहागिरीसाठी त्याने 5,000 मार्क कबूल केले, पण भरले थोडेच. मर्जीत होता तोवर कुणी तगादा लावला नाही. 1208 मध्ये मर्जी फिरली आणि तीच बाकी कायदेशीर हत्यार झाली. जमिनी गेल्या, मुलं ओलीस मागितली गेली. त्याची बायको मटिल्डा आणि थोरला मुलगा 1210 मध्ये राजाच्या कैदेत उपाशी मेले. तो स्वतः पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये परागंदा अवस्थेत वारला.

सरदार म्हणजे राजाचे शत्रू, असं धरून चालणं. ब्रियोझला मोठं केलं जॉननेच. किल्ले सांभाळायला, सैन्य उभं करायला, परगण्यांचा कारभार हाकायला राजाला हीच माणसं लागत. 1215 च्या बंडातही विल्यम मार्शल आणि चेस्टरचा अर्ल (सरदारांतली वरची पदवी) रॅनल्फ राजाच्याच बाजूला होते.

फक्त पाडलेले किल्ले मोजणं. बांधलेले आणि बळकावलेलेही मोजा. 1154 मध्ये सरदारांचे सुमारे 225 किल्ले आणि राजाचे 49. 1214 पर्यंत 179 विरुद्ध 93. नॉरफोकचा अर्ल ह्यू बिगॉड याला शह म्हणून हेन्रीने सफोकच्या किनाऱ्यावर ऑरफर्डचा किल्ला उठवला, तोही हेन्रीविरुद्धचं 1173 चं बंड पेटण्याआधीच.

न्यायालयं विसरणं. जमिनीवरून हुसकावलेला माणूस हेन्रीच्या काळात थेट राजाच्या न्यायाधीशाकडे जाऊ लागला आणि सरदाराच्या स्वतःच्या कचेरीचा वचक घटला. यावर निदान एक परिच्छेद हवाच.

मॅग्ना कार्टाला, म्हणजे 1215 मध्ये बंडखोर सरदारांनी जॉनकडून मिळवलेल्या सनदेला, लोकशाहीची पहाट म्हणून मोकळं होणं. घाईतल्या मुलांचं हे आवडतं वाक्य. आधी कलम 2 वाचा: अर्ल किंवा बॅरनच्या (राजाकडून थेट जहागीर मिळालेल्या सरदाराच्या) वारसाने वारशापोटी 100 पौंड द्यावेत, जास्त नाही. आता जेफ्री डी मँडव्हिल घ्या. ग्लॉस्टरच्या इसाबेलाशी, म्हणजे जॉनच्याच पहिल्या बायकोशी (ते लग्न रद्द ठरलं होतं), लग्न करण्यासाठी 1214 मध्ये त्याच्या डोक्यावर 20,000 मार्क बसले. पुढच्याच वर्षी सनदेनुसार राजावर देखरेख ठेवणाऱ्या 25 बॅरनांत तो आहे.

आणि जॉनने सनदेवर ‘सही’ केली असं लिहू नका. मोहोर उठवली गेली.