ऑप-अ‍ॅम्पसाठी ±१५ व्होल्टचा कमी गोंगाटाचा सप्लाय

ऑप-अ‍ॅम्पवर (सिग्नल वाढवणाऱ्या चिपवर) चालणाऱ्या प्रीअ‍ॅम्पला १०० मिलीअँपिअरपर्यंत पुरवायचे असतील तर एलएम३१७ (धन) आणि एलएम३३७ (ऋण) ही व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटर चिपांची जोडी पुरेशी. १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर (मधला ० म्हणजे सेंटर टॅप), चार डायोडांचा ब्रिज आणि प्रत्येक बाजूला २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. रेग्युलेटरआधी सुमारे २० व्होल्ट मिळतात, रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) अर्ध्या व्होल्टच्या आत.

रेग्युलेटरच्या आउटपुट पायापासून अ‍ॅडजस्ट पायापर्यंत (व्होल्टेज ठरवणारा पाय) १२० ओहम, अ‍ॅडजस्ट ते ग्राउंड १.३ किलोओहम, म्हणजे जवळपास १४.९ व्होल्ट. १२० ओहमचा रेझिस्टर आउटपुटच्या पायालाच चिकटून लावा. लांब ठेवला तर मधल्या ट्रॅकवरचा ड्रॉप चिपच्या संदर्भ व्होल्टेजशी मालिकेत येतो आणि नियमन बिघडते.

खरी कमाई अ‍ॅडजस्ट ते ग्राउंड लावलेल्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची. एलएम३१७चे रिपल रिजेक्शन (रिपल दाबण्याची क्षमता) त्याने ६५वरून ८० डेसिबलच्या आसपास जाते. मात्र आउटपुट शॉर्ट झाले की हा कपॅसिटर चिपमधूनच रिकामा होतो, म्हणून अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे १एन४००२ डायोड हवाच. ऋण बाजूला कपॅसिटर आणि डायोड दोन्ही उलटे.

एलएम३३७च्या आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर द्या. तो नसेल तर चिप ऑसिलेट होते (आपोआप थरथरू लागते) आणि मीटरवर सगळे ठीक दिसते, ऑसिलोस्कोपवरच कळते.

दोघांचे पाय वेगळे! एलएम३१७ची धातूची पट्टी आउटपुटला जोडलेली, एलएम३३७ची इनपुटला. एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या इन्सुलेटिंग चकतीशिवाय बसवलेत तर थेट शॉर्ट.

गुणगुण उरलीच तर ग्राउंड तपासा. सेंटर टॅप आधी मोठ्या कपॅसिटरांच्या सांध्यावर, आणि सर्किटचे ग्राउंड त्या सांध्याच्या पुढून घ्या. चार्जिंगचे झटके सिग्नलच्या वाटेत येता कामा नयेत.