आडसाली उसाची बेणेप्रक्रिया करताय? पाऱ्याची जुनी पुडी आधी बाजूला काढा

आडसाली उसाची लागण 15 जुलै ते 15 ऑगस्टदरम्यान उरकायची असते, त्यामुळे कराड, वाळवा, पलूस भागांत आता बेणे (लागणीसाठीचा ऊस) तोडायची घाई सुरू होईल. काणी या बुरशीजन्य रोगासाठी पूर्वी बेणे पारायुक्त बुरशीनाशकात बुडवत असत. त्यातल्या मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइडवर 2018 पासून देशात बंदी आहे. तरीही शेडच्या फळीवर एखादी अर्धी पुडी निघते. वेष्टनावर ‘मर्क्युरी’ शब्द दिसला, की ती वापरायची नाही.

बेणे बुडवून झाले की पिंपातले उरलेले पाणी ओढ्यात ओतले जाते, आणि घात तिथेच होतो. पारा हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. हवा न पोचणाऱ्या गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा हे आणखी विषारी संयुग करतात. तो शेवाळातून लहान माशांत आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत साठत जातो. शहराच्या सांडपाण्यात गेला तरी शुद्धीकरण केंद्रात तो नष्ट होत नाही. बराचसा गाळात बसतो आणि तो गाळ खत म्हणून आणला, तर पारा परत आपल्याच रानात येतो.

पाऱ्यावाचून काम भागते. बेणे 9 ते 11 महिन्यांचे, बेणेमळ्यातले घ्या. काप लालसर दिसला तर ते कांडे टाकून द्या. पाचट काढून, माती धुऊन घ्या, नाहीतर दोन-चार खेपांतच द्रावण गढूळ होते. 100 लिटर पाण्याला 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि 300 मिली मॅलेथिऑन (कीटकनाशक) लागते. पावडर थेट पिंपात टाकू नका, गुठळ्या होतात. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पिंपात ओता. ती तळाला बसते, म्हणून प्रत्येक खेपेला काठीने ढवळा. टिपरी (बेण्याचे तुकडे) 10 ते 15 मिनिटे पूर्ण बुडालेली हवीत. नुसती भिजवून काढली तर काणीचे बीजाणू डोळ्यावर तसेच राहतात. हातमोजे घाला.

टिपरी सावलीत सुकवा. मग वेगळ्या पिंपात 100 लिटर पाण्यात 10 किलो अ‍ॅसिटोबॅक्टर (हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळून 30 मिनिटे बुडवा. दोन्ही द्रावणे एकत्र केली तर जिवाणू मरतात आणि खर्च वाया जातो.

शेवटच्या खेपेला द्रावण बेतानेच करा. उरलेच तर लागण करायच्या त्याच रानात, विहीर आणि ओढ्यापासून लांब, सरीत पसरून द्या.

पाऱ्याची पुडी सापडलीच, तर ती फोडू नका, पुरू नका आणि जाळू तर मुळीच नका. जाळली की पाऱ्याची वाफ श्वासात जाते. पुडी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा, झाकणाच्या बरणीत ठेवा, वर ‘विष – पारा’ लिहा आणि तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवा. तोवर बरणी कुलपात, माळ्यावर ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णाकाठची किती घरे, गोठे पाण्यात होते ते आठवा. जमिनीवरची बरणी पहिल्याच लोंढ्यात जाईल.

दूध संकलन केंद्रात पाऱ्याचा थर्मामीटर फुटला, तर केरसुणी लावू नका आणि मोरीत पाणीही ओतू नका. खिडक्या उघडा, जाड कागदाने गोळे एकत्र करून प्लास्टिकच्या बरणीत भरा आणि झाकण घट्ट लावा.